तोंगिट्समध्ये पाने केव्हा उघडावीत

तोंगिट्स हा फिलिपिन्समधील तीन खेळाडूंचा पत्त्यांचा खेळ समजून घ्यायचा असेल, तर सुरुवात एका साध्या हिशेबापासून करावी असे मला वाटते. या खेळात जोकर वगळून एका कॅटची ५२ पाने घेतात. वाटणाऱ्याला १३ आणि उरलेल्या दोघांना प्रत्येकी १२ पाने मिळतात, म्हणजे ३७ पाने हातांत जातात आणि मधल्या गड्डीत फक्त १५ उरतात. आता वाटणारा सोडून इतर कोणाच्याही जागेवरून डावाकडे पाहावे. आपली १२ पाने आपल्याला दिसत असतात आणि ४० दिसत नसतात. त्या ४० पैकी १५ गड्डीत आणि २५ समोरच्या दोघांच्या हातांत असतात. त्यामुळे आपल्याला हवे असलेले कोणतेही एक पान गड्डीत असण्याची शक्यता ८ पैकी ३ आणि ते कुणा माणसाच्या हातात असण्याची शक्यता ८ पैकी ५ असते. तोंगिट्समधल्या साऱ्या डावपेचांचे आणि साऱ्या मनोव्यापारांचे मूळ मला या एका गुणोत्तरात दिसते.

हिशेबाचा दुसरा भागही तितकाच महत्त्वाचा आहे. सगळ्यांनी प्रत्येक वेळी गड्डीतूनच पान उचलले, तर १५ पाने तिघांत प्रत्येकी ५ वेळा उचलून संपतात. हात पूर्णपणे मोकळा करण्यासाठी मात्र १२ पानांच्या, तीन-तीन पानांच्या चार जुळण्या व्हाव्या लागतात. पाच उचलींत चार जुळण्या केवळ गड्डीच्या भरवशावर क्वचितच होतात. म्हणून तोंगिट्स खेळणाऱ्याला समोरच्यांच्या पानांचा अंदाज घेत, त्यांनी टाकलेली पाने उचलत आणि त्यांनी मांडलेल्या जुळण्यांचा उपयोग करून घेतच पुढे जावे लागते.

हा खेळ मला जहाजावरच्या नोकरीत फिलिपिनो सहकाऱ्यांनी शिकवला आणि पुढे त्यांच्या देशात, लुझॉन बेटावर, तो घराच्या ओसरीवर आणि अंगणात खेळला जाताना मी पाहिला. फिलिपिन्समध्ये पत्त्यांची परंपरा जुनी आहे. स्पॅनिश पत्त्यांचे आठ कॅट एकत्र करून खेळला जाणारा पांगिंगे हा खेळ तोंगिट्सच्या कितीतरी आधीपासून तिथे आहे. तोंगिट्सची घडण मात्र टाँक या अमेरिकी खेळाशी बरीच जुळते. फिलिपिन्सवर १८९८ ते १९४६ या काळात अमेरिकेचा अंमल होता हे लक्षात घेतले, तर या साम्याचे नवल वाटत नाही. आपल्याकडे रमी खेळणाऱ्या कोणालाही तोंगिट्सची मूळ रीत थोड्या वेळात कळू शकते, परंतु रमीत मुरलेला खेळाडू इथे सुरुवातीला हमखास चुकतो, कारण रमीत पाने शेवटपर्यंत लपवणे शहाणपणाचे असते आणि तोंगिट्समध्ये तीच सवय डाव बुडवते.

नियम थोडक्यात असे आहेत. एकाच दर्जाची तीन किंवा चार पाने, अथवा एकाच रंगाची ओळीने तीन किंवा अधिक पाने म्हणजे जुळणी. एक्का सर्वांत खालचा आणि एका गुणाचा असतो, राजा, राणी व गुलाम प्रत्येकी १० गुणांचे असतात आणि बाकीच्या पानांचे गुण त्यांच्या अंकांइतके असतात. आपल्या पाळीला गड्डीतून एक पान उचलायचे किंवा आधीच्या खेळाडूने नुकतेच टाकलेले पान घ्यायचे. टाकलेले पान घेतले, तर हातातल्या पानांशी त्याची जुळणी करून ती लगेच सर्वांसमोर मांडावी लागते. मांडलेल्या जुळणीला तिथे बाहाय म्हणतात. स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या बाहायला आपल्या हातातले बसणारे पान जोडता येते, त्याला सापाव म्हणतात. पाळीच्या शेवटी एक पान टाकावे लागते. सर्व पाने संपवणाऱ्याने तोंगिट्स केले असे म्हणतात आणि डाव तिथेच संपतो. कोणालाच ते जमले नाही आणि गड्डी संपली, तर हातात उरलेल्या सुट्या पानांचे गुण मोजतात व सर्वांत कमी गुणांचा खेळाडू जिंकतो. तिसरा मार्ग ड्रॉ पुकारण्याचा, म्हणजे आपले गुण सर्वांत कमी आहेत असे समजून डाव तिथेच थांबवण्याचा आहे. त्याच्याकडे नंतर वळेन. ज्याने डाव संपेपर्यंत एकही जुळणी मांडलेली नाही, तो सुनोग, म्हणजे जळालेला, समजला जातो. त्याच्या हातात कितीही सुंदर पाने असली तरी तो हरतो. पैशांची आणि बक्षिसांची रीत घराघराला बदलते आणि ती बसण्यापूर्वीच ठरवून घेतात.

सुनोगचा हा नियमच या खेळाला त्याचा स्वभाव देतो, असे माझे ठाम मत आहे. जुळणी हातात तयार आहे, पण ती मांडावी की राखून ठेवावी, हा प्रश्न डावाच्या पहिल्या पाळीपासून उभा राहतो. मांडली की तीन गोष्टी मिळतात: जळण्यापासून संरक्षण, ड्रॉ पुकारण्याचा हक्क आणि दुसऱ्याने ड्रॉ पुकारल्यास त्याला आव्हान देण्याचा हक्क. परंतु त्याच क्षणी आपली तीन पाने सर्वांना कळतात, आपला हात लहान झाल्याचे सर्वांना दिसते आणि आपल्या जुळणीवर इतरांना त्यांची नकोशी पाने उतरवायला जागा मिळते. लपवून ठेवले, तर समोरच्यांना आपल्या हाताचा काहीच अंदाज येत नाही आणि अचानक चारही जुळण्या मांडून तोंगिट्स करण्याची आशा राहते, पण तोपर्यंत कोणी ड्रॉ पुकारला, तर सर्व काही एका क्षणात जळते.

नवशिका खेळाडू यांपैकी एकच बाजू पाहतो. काहींना लपवण्याचा मोह आवरत नाही, कारण हातात दोन तयार जुळण्या असल्या की माणसाला आपण जिंकतच आलो आहोत असे वाटू लागते आणि समोरचा किती वेगाने आपले गुण कमी करत आहे याकडे त्याचे लक्षच जात नाही. दुसऱ्या टोकाचे खेळाडू भीतीपोटी पहिली जुळणी हाती येताच मांडतात आणि नंतर तिच्यावर समोरच्यांची दोन-तीन पाने उतरलेली पाहत बसतात. अनुभवी खेळाडू मात्र मांडायचे की नाही एवढ्यावर न थांबता कोणती जुळणी मांडायची याचाही विचार करतो. एकाच दर्जाच्या तीन पानांच्या संचाला सापाव करता येईल असे जगात एकच पान असते. मधल्या पानांच्या क्रमाला, उदाहरणार्थ बदामाच्या पंजी, छक्की, सत्तीला, दोन्ही टोके मोकळी असतात आणि एका टोकाला पान जोडले की तिथेच पुढच्या पानाला जागा तयार होते. एक्का, दुर्री, तिर्री हा क्रम फक्त एका बाजूने वाढतो, कारण एक्का खालीच राहतो. गुलाम, राणी, राजा हाही त्याच कारणाने फक्त खालच्या बाजूने वाढतो. संचाचे चौथे पान स्वतःकडेच असेल आणि चारही एकदम मांडली, तर त्या बाहायला कोणी हात लावूच शकत नाही. त्यामुळे दोन जुळण्या हातात असतील आणि एकच मांडायची असेल, तर मी बहुधा बंद किंवा अर्धी बंद जुळणी पुढे करतो आणि दोन्ही टोकांनी मोकळा क्रम हातात ठेवतो.

वेळेबद्दल माझा अनुभव असा की, मांडण्याचा निर्णय स्वतःच्या पानांवरून घेण्यापेक्षा इतर दोघांच्या अवस्थेवरून घ्यावा. जोपर्यंत समोर कोणाचेही बाहाय नाही, तोपर्यंत कोणीही ड्रॉ पुकारू शकत नाही, म्हणून लपवण्याची किंमत थोडी असते. पहिले बाहाय मांडले गेले की ती किंमत वाढते. मांडणाऱ्याच्या हातात सहा-सात पाने उरली की ती एकदम भारी होते, आणि त्यानंतरही जो मांडत नाही, त्याने आपला डाव दुसऱ्याच्या दयेवर सोडलेला असतो.

सापाव हे या खेळातले सर्वांत बारीक हत्यार आहे आणि नवख्यांना त्याचा खरा उपयोग उशिरा उमगतो. वरवर पाहता सापाव म्हणजे हातातले गुण कमी करण्याची सोय. परंतु नियम असा आहे की, एखाद्या खेळाडूच्या बाहायवर त्याच्या मागच्या पाळीनंतर इतर कोणी पान जोडले असेल, तर त्याला पुढच्या पाळीत ड्रॉ पुकारता येत नाही. म्हणजे सापाव केल्याने समोरच्याचे तोंड एका फेरीपुरते बंद करता येते. समजा, एकाने बदामाची पंजी, छक्की, सत्ती मांडली आहे आणि बदामाची अठ्ठी माझ्याकडे आहे. ती मी लगेच जोडली, तर माझे ८ गुण उतरतील, पण ती चाल वापरली गेली. ती मी राखून ठेवली, तर तो खेळाडू तीन-चार पानांवर आला असेल आणि त्याच्या चेहऱ्यावरून पुढच्या पाळीत ड्रॉ येणार असे दिसत असेल, तेव्हा त्याच्या पाळीआधी अठ्ठी जोडून मी त्याला रोखू शकतो. अठ्ठीबरोबर नव्वीही माझ्याकडे असेल, तर एकेक जोडत मी त्याला दोन फेऱ्या रोखू शकतो, आणि पाच उचलींच्या डावात दोन फेऱ्या म्हणजे फार मोठा काळ असतो.

राखून ठेवण्यालाही धोका आहेच. मी एकाला रोखण्यासाठी अठ्ठी-नव्वी धरून बसलेलो असताना तिसऱ्यानेच ड्रॉ पुकारला, तर ते १७ गुण माझ्याच गळ्यात पडतात. म्हणून राखायचे पान कोणाविरुद्ध राखतो आहोत याबरोबरच दुसरा खेळाडू किती दूर आहे हेही पाहावे लागते. दोघेही उघडलेले असतील आणि दोघांचीही पाने कमी असतील, तर मी काहीही न राखता गुण उतरवतो. एकच जण पुढे गेलेला असेल, तर अठ्ठी माझ्याकडेच राहते. या खेळात एखादे पान दोन पाळ्या हातात ठेवण्याचा संयम मला चांगल्या पानांपेक्षाही मोलाचा वाटतो.

आता टाकलेल्या पानांविषयी. सरासरी पाहिले, तर एका पानाचे गुण साडेसहाच्या आसपास येतात आणि १२ पानांचा हात सुरुवातीला सुमारे ७८ गुणांचा असतो. कॅटमध्ये दश्शी, गुलाम, राणी आणि राजा मिळून १६ पाने दहा गुणांची आहेत, म्हणून पहिल्या पाळ्यांत सगळेच चित्रे आणि दश्श्या टाकत सुटतात. यातूनच एक विरुद्ध चाल निघते: माझ्याआधीचा खेळाडू घाईघाईने मोठी पाने टाकणारा असेल, तर राजांची जोडी मी पहिल्या दोन पाळ्यांपुरती जपतो, कारण तिसरा राजा गड्डीतून येण्यापेक्षा त्याच्या हातून पडण्याचा संभव मला अधिक वाटतो. तिसऱ्या पाळीपर्यंत तो आला नाही, तर जोडी सोडून द्यावी. तिच्यावर त्यापुढे माया करू नये.

इथे बसण्याच्या क्रमाचे महत्त्व कळते. मला फक्त माझ्या आधीच्याने टाकलेले पान उचलता येते आणि मी टाकलेले पान फक्त माझ्या नंतरच्याला उचलता येते. म्हणजे आधीच्याचा स्वभाव मला ओळखायचा आहे आणि नंतरच्याची भूक मला ओळखायची आहे. नंतरच्याला अगदी निरुपद्रवी पान कोणते हे काही वेळा निश्चित सांगता येते. किलवरची नव्वी टाकायची आहे आणि इतर तीन नव्व्यांपैकी दोन आधीच पडल्या आहेत, तर तिचा संच होऊ शकत नाही. किलवरची अठ्ठी आणि दश्शीही दिसून गेली असेल, तर तिचा क्रमही होऊ शकत नाही. असे पान हाती असताना ते लगेच टाकू नये, डावाच्या शेवटच्या, नाजूक पाळीसाठी ठेवावे. सुरुवातीला थोडा धोका पत्करता येतो, पण शेवटी पत्करता येत नाही.

टाकलेले पान टाकणाऱ्याविषयीही बोलत असते. दुसऱ्याच पाळीत कोणी पंजी टाकली आणि आधी त्याच्याकडून एकही चित्र पडलेले नाही, तर प्रश्न विचारायला हवा की त्याने हलके पान आधी का सोडले. याची उत्तरे थोडीच आहेत. एकतर त्याच्याकडे चित्रे आलीच नाहीत, म्हणजे त्याचा हात मुळातच हलका आहे आणि तो लवकर ड्रॉ पुकारेल. किंवा त्याची चित्रे जुळणीत अथवा जोडीत अडकलेली आहेत, म्हणजे आपण त्याच्यापुढे राणी-राजा टाकणे घातक आहे. दोन्ही शक्यतांत आपले वागणे निराळे असायला हवे, आणि त्याच्या पुढच्या एका पानावरून कोणती खरी ते बहुधा कळते. पान उचलल्यावर ते थेट टाकणारा, हाताची रचना न बदलणारा खेळाडू बहुतेक वेळा एकाच पानाची वाट पाहत असतो. उलट जो प्रत्येक उचलीनंतर पाने इकडची तिकडे करतो, त्याचा हात अजून विस्कळीत असतो. अर्थात हे माहीत असलेला कसलेला खेळाडू मुद्दाम पाने हलवत बसतो, त्यामुळे केवळ या खुणांवर भिस्त ठेवता येत नाही. टाकलेली पाने आणि हालचाली यांची सांगड घालावी लागते.

गरजेचे पान समोर पडले तरी ते न उचलण्याचाही एक प्रसंग असतो. उचलले की जुळणी मांडावीच लागते आणि आपण काय गोळा करत होतो हे उघड होते. आधीच एक बाहाय मांडलेले असेल, हात लहान असेल आणि दुसरी वाटही मोकळी असेल, तर मी काही वेळा ते पान जाऊ देतो. एक गोष्ट मात्र विसरता कामा नये. टाकलेले पान उचलल्याने गड्डीतले पान वाचते आणि डाव लांबतो; गड्डीतून उचलल्याने डाव शेवटाकडे सरकतो. ज्याचे गुण कमी आहेत त्याने गड्डी संपवावी आणि ज्याचे गुण जास्त आहेत त्याने ती वाचवावी, इतकी साधी गोष्ट भलेभले विसरतात.

ड्रॉ पुकारण्याचा क्षण हा तोंगिट्समधला सर्वांत मोठा क्षण आहे. आपल्या पाळीच्या अगदी सुरुवातीला, पान उचलण्यापूर्वी, बाहाय मांडलेला खेळाडू ड्रॉ पुकारू शकतो. त्यानंतर ज्यांचे बाहाय आहे त्यांना पाने मिटून हार मानायची किंवा आव्हान द्यायचे असे दोन पर्याय असतात. ज्यांचे नाही ते तिथेच जळतात. आव्हान दिले, तर गुण मोजले जातात आणि बरोबरी झाल्यास बहुतेक ठिकाणी आव्हान देणारा जिंकतो. हरलेल्या आव्हानाची किंमत नुसत्या माघारीपेक्षा जास्त असते. या रचनेमुळे ड्रॉ हा हिशेब असतो तसाच दबावही असतो. १४ गुणांवर कोणी शांतपणे, जराही न घुटमळता ड्रॉ पुकारला, तर ११ गुण हातात असलेला माणूस पाने मिटताना मी पाहिला आहे, कारण पुकारणाऱ्याचा आवाज ऐकून त्याने मनातल्या मनात समोरच्याला ५ गुण देऊन टाकले होते.

असा फसवा ड्रॉ कोणासमोर चालतो, हा खरा मानसशास्त्राचा भाग आहे. नुकताच आव्हान देऊन हरलेला खेळाडू पुढचा काही काळ आव्हान देत नाही. त्याच्यासमोर धाडस करावे. नुकताच पाने मिटून पस्तावलेला, म्हणजे आपले गुण कमी होते हे नंतर कळलेला खेळाडू पुढच्या वेळी हट्टाने आव्हान देतो. त्याच्यासमोर धाडस करू नये. प्रत्येक डाव स्वतंत्रपणे वाटला जात असला, तरी मागच्या डावातली जखम पुढच्या डावात सोबत येते आणि चांगला खेळाडू पानांबरोबर या जखमांचीही मोजदाद ठेवतो.

पैशांच्या एका रीतीमुळे हे सारे आणखी गुंतागुंतीचे होते. अनेक ठिकाणी प्रत्येक डावाआधी सगळे ठरलेले पेसो मधल्या सामाईक रकमेत टाकतात आणि ती रक्कम उचलण्यासाठी एकाच खेळाडूला लागोपाठ दोन डाव जिंकावे लागतात. पहिला डाव जिंकलेल्याला हिटर म्हणतात. तो जिंकला की उरलेल्या दोघांचे हित एकाएकी एक होते: आपल्यापैकी कोणीही जिंकले तरी चालेल, पण हिटर जिंकता कामा नये. इथे बसण्याचा क्रम पुन्हा महत्त्वाचा ठरतो. हिटरच्या आधी बसलेल्याने पहारेकऱ्यासारखे खेळायचे, त्याला उपयोगी पडेल असे एकही पान सोडायचे नाही, मग त्यासाठी स्वतःचा हात मोडावा लागला तरी हरकत नाही. हिटरच्या नंतर बसलेल्याने या पहारेकऱ्याला पाने पुरवायची, कारण त्याचे टाकलेले पान फक्त पहारेकऱ्यालाच मिळू शकते. हे सर्व एक शब्द न बोलता व्हावे लागते. आधी ठरवून, खुणा करून असे खेळणे ही फसवणूक आहे आणि तिथली माणसे ती खपवून घेत नाहीत; पण डावाच्या गरजेतून आपोआप जुळणारी ही मूक युती खेळाचाच भाग मानली जाते. डाव संपताक्षणी ती मोडते आणि पुढच्या डावात कालचा साथीदार स्वतः हिटर झालेला असतो. तीन माणसांच्या खेळातले हे सतत बदलणारे नाते मला दोघांच्या कोणत्याही खेळात सापडलेले नाही.

मूक युतीच्या अगदी उलट, बाकी वेळी टेबलावर शब्दांचा पाऊस असतो. समोरच्याला चिडवणे, डिवचणे, त्याच्या पानांवर मोठ्याने शेरे मारणे याला फिलिपिनो लोक आलास्का म्हणतात आणि ती तिथे एक कलाच आहे. वय मोठे असलेल्याला कूया (दादा) किंवा आते (ताई) म्हणून मान द्यायचा आणि त्याच श्वासात त्याने पान उचलायला किती वेळ लावला यावर टोमणा मारायचा, असे सहज चालते. चिडणाऱ्याला पिकोन म्हणतात आणि ‘आंग पिकोन, तालो’, म्हणजे जो चिडतो तो हरतो, हे वाक्य तिथे लहान मुलालाही ठाऊक असते. डावपेच म्हणून पाहिले, तर चिडलेला माणूस दोन चुका करतो: तो आव्हाने जास्त देतो आणि राखायची पाने रागाने आधी टाकून देतो. मला शिकवणाऱ्या एका वयस्क कूयाने सुरुवातीलाच सांगितले होते की टोमण्याला हसून उत्तर द्यायचे, पण ते देताना बोटे पानांवर हलू द्यायची नाहीत.

खेळणाऱ्यांच्या मागे उभे राहून पाहणाऱ्यांना मिरोन म्हणतात. तिन्ही हात पाहू शकणारा मिरोन चेहऱ्यानेही काही सांगू शकतो, म्हणून शहाणे खेळाडू आपली पाने छातीशी धरतात आणि अधूनमधून समोरच्याच्या मागे उभ्या असलेल्या मिरोनच्या चेहऱ्याकडे पाहून घेतात. जिंकणाऱ्याने आपल्या कमाईतला थोडा वाटा जवळच्यांना आणि पाहणाऱ्यांना द्यावा, या प्रथेला बालातो म्हणतात. बालातो देणाऱ्याच्या नशिबाविषयी कोणी वाईट चिंतत नाही, असे मानले जाते, आणि मला त्यात एक सामाजिक शहाणपणही दिसते: शेजारीपाजारी रोज एकमेकांसमोर येत असतात आणि एकट्याने सर्व पैसे उचलून नेणारा माणूस पुढच्या वेळी टेबलावर नकोसा होतो.

या खेळाचे सर्वांत वेगळे ठिकाण म्हणजे लामाय, मृताजवळची रात्रभराची जागरणे. फिलिपिन्समध्ये दफनापूर्वी काही रात्री शव घरात किंवा प्रार्थनागृहात ठेवतात आणि त्याला एकटे सोडत नाहीत. रात्रभर जागायचे असते, म्हणून कॉफी, बिस्किटे, कलिंगडाच्या भाजलेल्या बिया आणि पत्ते असतात. प्रत्येक डावाच्या रकमेतून ठरलेला हिस्सा, ज्याला तोंग म्हणतात, बाजूला काढून मृताच्या कुटुंबाला अंत्यविधीच्या खर्चासाठी दिला जातो. १९७८ च्या राष्ट्राध्यक्षीय आदेश क्रमांक १६०२ नुसार पैसे लावून पत्ते खेळण्याला शिक्षा आहे, तरी लामायमधल्या छोट्या डावांकडे बहुधा काणाडोळा केला जातो. तिथला तोंगिट्स मला निराळा वाटला. खेळ तितकाच चुरशीचा असतो, पण रक्कम मुद्दाम लहान ठेवतात, आलास्काचा सूर मऊ होतो आणि फसवे ड्रॉ कमी येतात, कारण हरलेला आणि जिंकलेला दोघेही त्याच घरासाठी बसलेले असतात.

गेल्या काही वर्षांत तोंगिट्स मोबाईलवर आला आणि त्याने खेळणाऱ्यांची संख्या खूप वाढवली. तिथे चेहरा, बोटे आणि आवाज हे सर्व नाहीसे होते; उरतो तो फक्त वेळ. पान उचलण्याआधीचा विलंब सांगतो की टाकलेले पान त्याच्या उपयोगाचे होते आणि घ्यावे की नाही याचा विचार झाला. पण अनोळखी माणसांशी खऱ्या पैशांनी, दिवसरात्र, बालातो किंवा तोंग यांपैकी कशाच्याही बंधनाशिवाय खेळणे मला पटत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये फिलिपिन्सच्या मध्यवर्ती बँकेने ई-वॉलेटमधून ऑनलाइन जुगाराकडे नेणारे दुवे काढून टाकायला लावले, ते योग्यच झाले असे मी मानतो.

शेवटी एक प्रसंग मांडतो, ज्यावर माझा आणि अनेक जाणत्या खेळाडूंचा मतभेद होतो. गड्डीत तीन पाने उरली आहेत आणि माझी पाळी आहे. माझ्याकडे एक्का, दुर्री आणि चव्वी, म्हणजे ७ गुण आहेत. माझे बाहाय राण्यांचा बंद संच आहे, चौथी राणी आधीच पडलेली. एका प्रतिस्पर्ध्याकडे नऊ पाने आहेत, त्याची काळजी नको. दुसऱ्याकडे चार पाने आहेत, त्याचेही बाहाय आहे आणि त्याने नुकतीच तिर्री टाकली आहे. मी आता ड्रॉ पुकारला, तर बरोबरी झाली तरी मी हरणार आहे. त्याच्या हातात चार सुटी पाने आहेत असे धरले, तर त्यांची बेरीज ७ किंवा त्याहून कमी होण्यासाठी त्यांत निदान दोन एक्के आणि एक दुर्री असावीच लागते. एक एक्का माझ्याकडे आहे आणि दुसरा तिसऱ्याच पाळीत टेबलावर पडला होता, म्हणजे उरलेले दोन्ही एक्के नेमके त्याच्याकडे असायला हवेत. पुष्कळ जण म्हणतात की त्याने तिर्री टाकली याचाच अर्थ त्याच्याकडे तिच्याहून लहान पाने आहेत, म्हणून थांबावे, गड्डीतून एखादे छोटे पान येण्याची वाट पाहावी आणि चव्वी सोडावी. मला वाटते की त्याने तिर्री सोडली ती उरलेली पाने जोड्यांत किंवा क्रमात अडकली आहेत म्हणून. तो तोंगिट्सच्या मागे आहे आणि एक पाळी दिली, तर तो तिथे पोहोचेल. गड्डीतून मला चव्वीहून लहान पान येण्याची आशाही फारशी नाही, कारण त्यांतली बरीच पाने दिसून गेली आहेत. अशा वेळी मी ड्रॉ पुकारतो.